उरलेले दाणे मोजा

मुलांनो, चिमणी दाणे टिपताना सगळेच पाहतात. पण ती किती दाणे टाकून गेली, हे तुमच्यापैकी कोणी मोजले आहे काय? वर्गाने मिळून करावा असा हा प्रयोग आहे. खर्च म्हणाल तर मूठभर बाजरीचा.

दोन सारखी जुनी ताटे घ्या. बारीक वाळू घरच्या पिठाच्या चाळणीने चाळून घ्या (आईला विचारून, आणि चाळणी धुऊन परत द्या). प्रत्येक ताटात सारखीच वाळू आणि मोजून १०० दाणे मिसळा. एक ताट शाळेच्या आवारातील झुडपापाशी, दुसरे उघड्या मैदानात ठेवा. पहिले तीन-चार दिवस काहीच मोजू नका, पाखरांना सवय होऊ द्या. मग रोज ठरल्या वेळी ताटे ठेवायची, तासाभराने उचलायची आणि वाळू चाळायची. चाळणीत उरतील ते दाणे मोजून वहीत लिहायचे. चिमण्या आल्या की पारवे, तेही लिहा. पारवे आले की चिमण्यांना जागा उरत नाही. एक दिवसाआड ताटांची अदलाबदल करा, म्हणजे फरक ताटाचा नाही हे कळेल. शेवटी हात साबणाने धुवा.

वाळू कशाला, असे विचाराल. नुसते दाणे ठेवले तर पाखरू सगळे संपवील. वाळूत मात्र दाणे कमी होत जातात तसा एकेक शोधायला वेळ लागतो. तेवढा वेळ मान खाली, आणि वरून शिकरा आला तर? मिळणाऱ्या दाण्यापेक्षा धोका मोठा वाटला की पाखरू उडते. म्हणून जिथे भीती जास्त तिथे दाणे जास्त उरतात. भीती डोळ्यांना दिसत नाही, पण ती अशी मोजता येते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ जोएल ब्राउन यांनी वाळवंटातील उंदरांच्या जातीच्या प्राण्यांवर केलेले असे काम १९८८ साली प्रसिद्ध झाले.

झुडूप जवळ असले की चिमणीला चटकन लपता येते, म्हणून तिथे कमी दाणे उरतील असा गुरुजींचा अंदाज असेल. तुमचा आकडा उलटा आला तरी तोच लिहा, खाडाखोड करू नका. मग झुडपामागे वाकून पाहा, तिथे मांजर बसत असेल. तसे असेल तर तिसरे ताट झुडपापासून दहा पावलांवर ठेवा आणि पुन्हा आठवडाभर मोजा.