गळावरील कृत्रिम माशी

गळास गांडूळ लावून ओढ्याकाठी बसणे आमच्या वाचकांपैकी कित्येकांस ठाऊक असेल. परंतु कोंबड्याचे पीस व सशाची लव बारीक गळावर रेशमाने बांधावी आणि माशाने तीस जिवंत किडा समजून गिळावे, ही विद्या आपल्याकडे फारशी परिचित नाही. इंग्लंडात ट्राउट माशासाठी ती शतकानुशतके चालत आली आहे. 1496 साली छापलेल्या एका इंग्रजी ग्रंथात अशा बारा माश्या वर्णिल्या आहेत. हा रिकामटेकड्यांचा उद्योग होय, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही.

ट्राउट ज्या किड्यांवर पोसतो त्यांपैकी मेफ्लाय ही मोठी चमत्कारिक. तिचे बहुतेक आयुष्य पाण्याच्या तळाशी जाते. पंख फुटल्यावर ती जेमतेम एक-दोन दिवस जगते, आणि त्या अवस्थेत तिला अन्न खाण्याजोगे तोंडच नसते! वर येताना तिचे पंख धूसर असतात. पुढे ती पुन्हा एकदा कात टाकते, तेव्हा ते काचेसारखे चकचकीत होतात. माशी बांधणाऱ्यास हे सारे पाहून ठेवावे लागते. टेबलास बसविलेल्या चिमट्यात गळ धरून तो मेण लावलेले रेशीम गुंडाळतो, दोन-तीन तंतूंची शेपटी बसवितो, लव पिळून धड करतो व डोक्यापाशी पिसाचे वेढे देतो. कोंबड्याचे ताठ पीस माशीस तरंगत ठेवते. कोंबडीचे मऊ पीस तिला बुडू देते.

या एवढ्याशा भेदावरून केवढा वाद माजला! हॅलफर्ड याने 1886 साली तरंगत्या माश्यांवर ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या अनुयायांनी तरंगती माशी हाच काय तो धर्म ठरविला. स्क्यूज नामक वकिलाने पकडलेल्या ट्राउटच्या पोटातील किडे पांढऱ्या बशीत काढून पाहिले. त्यात न उमललेली पिले पुष्कळ. मग 1910 साली त्याने बुडत्या माशीचा पक्ष मांडला. आमचा कौल स्क्यूज यास आहे. कारण त्याने गुरूस न विचारता माशाच्या पोटास विचारले.

परंतु याच कलेची दुसरी शाखा आम्हांस मुळीच रुचत नाही. सामन मासा नदीत शिरल्यावर बहुधा काही खातच नाही. त्याच्यासाठी बांधलेल्या भपकेदार माश्या कोणत्याही किड्यासारख्या नसतात, त्यांस दुर्मिळ पिसे मात्र लागतात. आपल्या सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याच्या मानेवरील ठिपकेदार पिसांवर या लोकांचा फार डोळा. 1972 च्या कायद्याने त्या पक्ष्यास संरक्षण आहे, हे बरे झाले. 2009 साली तर या नादापायी एका तरुणाने इंग्लंडातील ट्रिंग येथील संग्रहालयातून पक्ष्यांची 299 कातडी चोरली. त्यांत वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने जमविलेलीही होती. पुष्कळांवरील चिठ्ठ्या तोडल्या गेल्या, आणि पक्षी कोठला, केव्हाचा, हे ज्ञान नाहीसे झाले. अशा माश्या कित्येकदा पाण्यात पडतही नाहीत, चौकटीत बसतात.

ज्या विद्यार्थ्यास पहिल्या प्रकारची गोडी वाटेल त्याने पिसे शोधीत फिरू नये. दिवाळीनंतर डोंगरातील वाहत्या ओढ्यात, वडील माणूस सोबत घेऊन, एखादा दगड उलटून पाहावा. खालच्या अंगास तीन शेपट्यांचे चपटे किडे चिकटलेले बहुधा आढळतील. ती मेफ्लायचीच पिले. पाहून झाल्यावर दगड होता तसा पालथा ठेवावा.