ऊब आणि तिचा हिशोब

डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. निफाड तालुक्यातील एका खेड्यात माझी आत्या एकटी राहते. वय ८१. निफाडची थंडी वाचकांना वर्तमानपत्रांतून ठाऊक असेलच. काही वर्षी तेथे पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. मी सकाळी पोहोचले तेव्हा आत्या अंगणात उन्हाला पाठ देऊन बसली होती. चेहरा उतरलेला, कपाळाला सुंठ लावलेली.

“काही नाही गं, पित्ताचं डोकं आहे. रोज सकाळी उठलं की दुखतं, मळमळतं. इथं तासभर बसलं की उतरतं.”

मी चाळीस वर्षे परिचारिकेचे काम केले आहे. “इथे बसले की उतरते” हे शब्द ऐकताच मी तशीच उठून तिच्या झोपण्याच्या खोलीत गेले. दार बाहेरून ढकलले तर खालच्या फटीत कोंबलेले पोते अडकले. खिडकीच्या गजांना जुने लुगडे बांधले होते. खाटेपासून हातभर अंतरावर घमेले होते आणि त्यात राख होती. आत्या रात्री निखारे घेऊन, दारे-खिडक्या बंद करून झोपत होती. ते पित्त नव्हते. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रोज रात्री थोडाथोडा तिच्या रक्तात मिसळत होता.

या वायूला वास नाही, रंग नाही आणि डोळ्यांना झोंबणे नाही. धूर संपून निखारे लाल झाले की आपण निर्धास्त होतो, पण हा वायू तेव्हाही निघतच असतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे, पायांत बळ नसणे आणि मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटणे ही त्याची खूण आहे. निखारे थोडे अधिक असते किंवा रात्र थोडी लांबली असती, तर माणूस झोपेतून उठतच नाही.

आत्या कंजूष नव्हती

“हे कशासाठी?” म्हणून विचारले तेव्हा आत्या ओशाळली. मग हळूहळू सारे बाहेर आले. घरात नळाने येणारा गॅस नाही, टाकीच आहे. एक टाकी चार महिने पुरवायची हा तिचा नेम होता आणि अभिमानही. त्यासाठी तिने आंघोळीचे पाणी तापवणे कमी केले होते. आधी कोमट, मग दिवसाआड आणि शेवटी नुसतेच हातपाय धुणे. विजेचा हीटर भाच्याने आणून दिला होता, पण एका महिन्याचे बिल पाहून तिने तो माळ्यावर ठेवला.

“अहो आत्या, पैशांची काय अडचण होती? आम्हाला सांगायचं होतं,” मी म्हटले.

त्यावर ती म्हणाली, “पैशांचं नाही गं. टाकी संपली की शेजारच्या पोराला हाक मारावी लागते. मला ती हलत नाही, आणि रेग्युलेटरची कळ या बोटांनी फिरत नाही. किती वेळा हाक मारायची?”

वाचकहो, या उत्तरापाशी मी थांबले. भरलेल्या टाकीचे वजन सुमारे ३० किलो असते. संधिवाताच्या बोटांना ती आणि तिचा रेग्युलेटर म्हणजे रोजची धास्ती. आत्या पैसे वाचवत नव्हती, ती कुणाचे तरी उपकार वाचवत होती. आपल्या घरातील वृद्ध माणूस अंधारात बसत असेल, गार पाण्याने अंग धूत असेल किंवा “मला थंडी वाजतच नाही” असे म्हणत असेल, तर त्यामागे बहुधा असेच न बोललेले कारण असते.

वृद्धांना थंडी अधिक का बाधते

वयानुसार त्वचेखालची चरबी कमी होते, स्नायू झिजतात आणि शरीरात उष्णता कमी निर्माण होते. थंडीची जाणीवही मंदावते. म्हणजे शरीर गार पडत असते, पण माणसाला ते कळत नाही. थायरॉइडचा विकार, मधुमेह किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर धोका वाढतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. हृदयविकार असलेल्यांना हिवाळ्याची पहाट म्हणूनच अवघड जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या गृहनिर्माणविषयक मार्गदर्शिकेत थंड हवामानात घराच्या आतील तापमान किमान १८ अंश असावे असे म्हटले आहे, आणि वृद्धांना त्याहून अधिक ऊब लागू शकते. भिंतीवरचा साधा तापमापक स्वस्त असतो. तो खाटेजवळ टांगावा, म्हणजे “वाजते” की “वाजत नाही” हा वाद उरत नाही.

पाण्याचा हिशोब

आता आत्याच्या काटकसरीचा खरा हिशोब मांडू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. हिवाळ्यात सकाळी पाणी १६ अंश असेल आणि २० लिटरची बादली ४० अंशांपर्यंत न्यायची असेल, तर ४८० किलोकॅलरी लागतील. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे एका बादलीला साधारण अर्धा ते पाऊण युनिट पुरते. एक किलो गॅसमध्ये सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात. चांगल्या शेगडीवर त्यांपैकी दोन तृतीयांश भांड्यात उतरतात असे धरले, तर एका बादलीला ६५ ते ७० ग्रॅम गॅस लागतो.

रोज एक बादली म्हटली तर महिन्याला दोन किलो, आणि थंडीच्या चार महिन्यांत आठ किलो. टाकीत १४.२ किलो गॅस असतो. थोडक्यात, अख्ख्या हिवाळ्यातील रोजच्या ऊन पाण्याच्या आंघोळीची किंमत अर्ध्या टाकीहून थोडी अधिक आहे. एवढ्यासाठी आत्याने स्वतःला गारठवले होते. हा आकडा मी तिच्यासमोर कागदावर मांडला तेव्हा ती बराच वेळ त्याकडे पाहत राहिली.

या खर्चातही सुखाने बचत करता येते.

पहाटेच्या आंघोळीचा हट्ट सोडावा. गच्चीवरच्या टाकीतील पाणी दुपारी बाराच्या सुमारास उन्हाने तापून २४ अंशांवर आले असेल, तर तेच पाणी ४० अंशांवर नेण्यास एक तृतीयांश इंधन कमी लागते. शिवाय तोपर्यंत न्हाणीघर उबलेले असते आणि रक्तदाबालाही धक्का बसत नाही. देवपूजेचा नेम असेल तर सकाळी ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यावे. देवाला ते चालते.

पातेले रुंद बुडाचे घ्यावे, त्यावर झाकण ठेवावे आणि ज्योत बुडाबाहेर जाऊ देऊ नये. ज्योत निळी असावी. पिवळी ज्योत भांडी काळी करते आणि गॅस वाया घालवते, तेव्हा बर्नर साफ करवून घ्यावा. उकळते पातेले उचलून नेण्याचे काम मात्र वृद्धांनी करू नये. तांब्याने थोडेथोडे पाणी बादलीत घ्यावे.

गीझर असेल तर वापरापूर्वी १५-२० मिनिटे लावून मग बंद करावा. दिवसभर चालू राहिल्यास तो निवलेले पाणी पुन्हा पुन्हा तापवत राहतो. उन्हाची छप्परजागा असेल तर सौर बंब हा दीर्घकाळाचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. आपल्याकडचा हिवाळा बहुधा निरभ्र असतो, त्यामुळे गरजेच्या दिवसांत तो चांगले काम देतो.

खोलीपेक्षा माणूस उबदार ठेवावा

दोन हजार वॅटचा हीटर सलग तीन तास चालला तर रोज सहा युनिट आणि महिन्याला १८० युनिट होतात. घराचा एरवीचा वापर ९० युनिट असेल तर तो २७० वर जातो. आपल्याकडील घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने वाढतात. शंभर युनिटांनंतरच्या प्रत्येक युनिटाला पुढचा, चढा दर लागतो. म्हणून हीटरचा खर्च काढताना सरासरी दर धरू नये. आपल्या बिलातील शेवटच्या टप्प्याचा दर धरावा. तारेचा हीटर असो, पंख्याचा असो वा तेलाचा, एका युनिटातून मिळणारी उष्णता सारखीच असते. महाग हीटरने वीज वाचते हा समज चुकीचा आहे. तेलाच्या हीटरचा फायदा इतकाच, की त्याची तप्त तार उघडी नसते.

याउलट, शंभर वॅटची विजेची चादर झोपण्यापूर्वी तासभर लावून बंद केली तर एका युनिटाचा दहावा भाग खर्च होतो. गरम पाण्याच्या पिशवीला त्याहूनही कमी लागते. पिशवी कापडात गुंडाळून झोपण्यापूर्वी अंथरुणात ठेवावी आणि आडवे होताना काढून घ्यावी. मधुमेहाने पायांची संवेदना गेली असेल, तर पिशवी पायांना लावूच नये. भाजलेले कळत नाही आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

अंथरुण खाटेवर असावे. अंगावर दोन गोधड्या घेणारे लोक खाली एकच चादर घालतात आणि सारी ऊब खालून निघून जाते. घोंगडी किंवा जाड गोधडी अंगाखालीही हवी. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. कानटोपी आणि पायमोजे रात्रीही असावेत, पण गुळगुळीत फरशीवर नुसत्या पायमोज्यांनी चालू नये. दक्षिणेच्या खिडक्या सकाळी अकराला उघडाव्यात आणि ऊन उतरण्यापूर्वी लावून घ्याव्यात. हिवाळ्यापुरती खाट बाहेरच्या भिंतीपासून दूर, आतल्या खोलीत हलवावी.

जेथे काटकसर करू नये

निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेले झोपण्याच्या खोलीत कधीही नको. “खिडकी किलकिली ठेवते” हे उत्तर पुरेसे नाही. गॅसची शेगडी पेटवून खोली उबवणे हाही तसाच प्रकार. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात बसवू नये. त्याचा धूर बाहेर जाण्याची आणि आत ताजी हवा येण्याची सोय हवी.

पाण्यात सोडायचा रॉड बटण बंद करून आणि प्लग काढूनच हाताळावा. विसरभोळेपणा सुरू झालेल्या घरात तो ठेवूच नये. विसणाची पद्धतही उलटी करावी. आपण आधी कढत पाणी घेतो आणि मग गार घालतो. वृद्धांसाठी आधी गार, मग गरम. साठ अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते. पाणी कोपराने पाहून मगच अंगावर घ्यावे.

वृद्ध माणूस थंडीत अडखळत बोलू लागला, गुंगीत गेला, गोंधळला, पोट हाताला गार लागले आणि थरथरणे थांबले, तर तो आराम नव्हे. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेल्याची ती खूण असू शकते. ओले कपडे काढून कोरड्या पांघरुणात गुंडाळावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. पूर्ण शुद्धीत असल्यास कोमट गोड पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत, मद्य देऊ नये, शेकोटीजवळ नेऊ नये. निखाऱ्यांच्या खोलीत कुणी सुस्त आढळले तर आधी मोकळ्या हवेत आणावे, मग १०८. गॅसच्या टाकीची गळती वाटल्यास विजेचे कोणतेही बटण न दाबता बाहेर यावे आणि १९०६ वर कळवावे.

सांभाळणाऱ्यांसाठी

“खर्चाची काळजी करू नकोस” हे वाक्य आपण सहज बोलतो. त्याने काळजी जात नाही, फक्त ती बोलली जात नाही. त्यापेक्षा व्यवस्था करावी. आत्याकडे आम्ही दुसऱ्या टाकीची जोडणी घेतली, म्हणजे एक संपली तरी घाई नाही. टाकीची नोंदणी भाच्याच्या फोनवरून होते. शेजारच्या मुलाशी बोलून ठेवले आहे. तो महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वतःहून येतो, टाकी पाहतो आणि लागली तर बदलतो. आत्याला हाक मारावी लागत नाही. त्या दिवशी ती त्याच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू करून ठेवते, त्यामुळे उपकाराचाही हिशोब तिच्या मते चुकता होतो.

घमेले आता अंगणात तुळशीजवळ आहे. त्यात पुदिना लावला आहे. डोके दुखणे थांबले. गेल्या आठवड्यात फोनवर विचारले, “आंघोळ झाली का?” तर म्हणाली, “अगं, आत्ता कुठे साडेअकरा झालेत. पाणी तापू दे की उन्हात!”