मामंजींची गाडी आणि दुसऱ्याचं इंजिन

एका वाचक भगिनीने पत्रातून विचारलं आहे, "आमच्या जुन्या गाडीचं इंजिन गेलं. मिस्त्री म्हणतो, जुन्या बाजारातून दुसरं आणून बसवतो. घरात दोन तट पडले आहेत. काय करावं?"

आता स्वयंपाक, शिवण आणि मुलांचे अभ्यास यांवर लिहिणाऱ्या बाईला हा प्रश्न कशाला, असं कुणाला वाटेल. पण आमच्याकडे हे सगळं रामायण घडून गेलं आहे, आणि खरं सांगायचं तर ते माझ्याच हातून घडलं. म्हणून लिहिते.

आमची गाडी म्हणजे २००७ सालची मारुती ८००. मामंजींनी निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतली. ते गेल्यावर ती आमच्याकडे राहिली. २०२२ मध्ये पंधरा वर्षं पुरी झाली, तेव्हा पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणीही करून घेतली होती. सासूबाई अजून तिला 'ह्यांची गाडी' म्हणतात.

मे २०२३ मध्ये सासूबाईंना आणि मुलीला घेऊन मी पुण्याहून साताऱ्याला येत होते. तेव्हा या बाजूने येताना खंबाटकीचा घाट चढावा लागे. भर दुपार, पुढे मालमोटारींची रांग. निम्म्या घाटात उष्णता दाखवणारी सुई लाल रेघेजवळ गेलेली मला दिसली. हो, दिसली! पण मनात म्हटलं, माथा आता आलाच, एवढ्या उन्हात म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर कुठे उभं करायचं? माथ्याच्या अलीकडेच टकटक आवाज सुरू झाला, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी जी बंद पडली ती पडलीच.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी इंजिन ऑईलची डिपस्टिक काढून दाखवली. ऑईल कसलं, दूध घातलेली कॉफी! म्हणजे हेड गॅस्केट फुटून पाणी ऑईलमध्ये मिसळलं होतं. हेड वाकलं होतं, सिलिंडरला आतून चरे पडले होते. मूळ कारण काय, तर रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता. शिवाय कूलंटऐवजी आम्ही वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतत आलो होतो, त्याच्या क्षाराने रेडिएटर आतून चोंदला होता. चहाच्या पातेल्याला बसतो तसा थर. पातेलं आपण घासतो, रेडिएटर कोण बघतं?

"वहिनी, सुई वर गेली तेव्हाच थांबला असता तर गॅस्केटवर भागलं असतं," मिस्त्री म्हणाले. आमचे हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून आधी एवढं लक्षात ठेवा. सुई चढली की एसी बंद करा आणि हीटर पूर्ण सोडा. मे महिन्यात वेड्यासारखं वाटेल, पण इंजिनची उष्णता त्या वाटेने थोडी बाहेर पडते. बाजूला जागा मिळाली की गाडी थांबवून इंजिन बंद करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण मुळीच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतणंही नको. चांगलं निवेपर्यंत बसून राहायचं, उशीर झाला तर झाला.

आता आमच्यापुढे तीन वाटा होत्या. गाडी मोडीत काढायची, तर भंगारवाला अठरा हजार देत होता. आहे तेच इंजिन पूर्ण खोलून करायचं, तर अंदाज अडतीस हजार, आणि ब्लॉक कितपत सुधारेल याची खात्री नाही. नाहीतर दुसरं जुनं इंजिन. दुसरी जुनी गाडीच घ्यावी म्हटलं, तर निदान दोन लाख, आणि तिच्या खोडी आपल्याला ठाऊक नाहीत! आमच्या गाडीची बॉडी, चाकं, ब्रेक चांगले होते आणि कागदांची चार वर्षं शिल्लक होती. ज्यांच्या गाडीचा पत्रा खालून गंजला आहे किंवा नोंदणी संपत आली आहे, त्यांनी मात्र इंजिनवर पैसा घालू नये.

पैसा कुठून, हा पुढचा प्रश्न. मी एका खाजगी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. बी.एड. करायचं म्हणून भिशीतून आणि तासांच्या पैशातून छत्तीस हजार बाजूला टाकले होते. त्या वर्षी सीईटी देणार होते. हे म्हणाले, "त्याला हात लावायचा नाही, आपण कर्ज काढू." पण मोडलं माझ्या हातून, तर माझ्याच डब्यातून जाऊ दे, असं मला वाटलं. चूक की बरोबर, अजून ठरवता आलेलं नाही.

मिस्त्रींनी पहिल्यांदा सुचवलं ते अल्टोचं इंजिन. माप तेच, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. आमच्या इंजिनला सहा व्हॉल्व्ह, त्याला बारा, त्यामुळे ताकद जास्त. "घाटात वाघासारखी चढेल वहिनी!" ह्यांचे डोळे चमकले. पण खोलात विचारल्यावर कळलं, नुसतं इंजिन बदलून भागत नाही. त्याचा कॉम्प्युटर, वायरिंग आणि गिअरबॉक्सही त्याच गाडीचा घ्यावा लागणार. आणि आरटीओचं काय? "सीसी तेच आहे, कुणाला कळतंय," असं एक ओळखीचे एजंट म्हणाले.

या वाक्याने मी सावध झाले. एका सुट्टीच्या दिवशी सरळ आरटीओ कार्यालयात जाऊन विचारून आले. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं आहे. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर आधी अर्ज करा, मग बसवून गाडी तपासायला आणा, म्हणजे आरसी बुकात नवा नंबर चढेल, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. नंबर चढला नाही तर? उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीच्या माणसाने इंजिनवरचा नंबर कागदाशी ताडून पाहिला, तर भरपाईचं भांडण आपल्या गळ्यात. वाघ राहू दे, म्हटलं, आपली शेळीच बरी.

इंजिन बघायला मी स्वतः ह्यांच्याबरोबर गेले. पहिल्या दुकानात बारा हजारांत सांगितलं. फारच स्वस्त! मिस्त्रींनी फडक्याने पुसलं, तर नंबराची जागा कानशीने घासलेली. आम्ही चहासुद्धा न घेता बाहेर पडलो. चोरीच्या गाडीचं इंजिन घरात आणलं तर पोलिसांना काय सांगणार, 'माझं बी.एड. राहिलं' म्हणून?

दुसरीकडे एक ८००च मिळाली, मागून ट्रकने ठोकलेली. पुढचा भाग शाबूत, त्यामुळे इंजिनला धक्का नाही. ऑईल भरायच्या झाकणाच्या आत मिस्त्रींनी बोट फिरवून पाहिलं, दुधाळ थर नव्हता. इंजिन हाताने फिरवलं, कुठे अडत नव्हतं. मग गेज लावून तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं. आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत, एखादा फार खाली असेल तर इंजिन सोडून द्यायचं. त्या गाडीच्या आरसी बुकाची प्रत घेतली आणि बिलावर इंजिन नंबर लिहून घेतला. दुकानदार कुरकुरला, "ताई, आजवर कुणी मागितलं नाही." मी म्हटलं, "मग आज सुरुवात करा."

हिशेब असा. इंजिन सतरा हजार. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ऑईल सील, क्लच प्लेट मिळून सात हजार चारशे. हे सामान इंजिन बाहेर आहे तोवरच नवीन घालून घ्यावं, नंतर त्याच कामाची मजुरी पुन्हा द्यावी लागते. रेडिएटरची सफाई, पंख्याची दुरुस्ती, नवे होज पाइप आणि कूलंट दोन हजार सहाशे. हा खर्च वाचवायचा मोह होतो, पण जुनं दुखणं तसंच ठेवलं तर नवं इंजिनही त्याच वाटेने जाईल. मजुरी साडेसहा हजार. एकूण साडेतेहेतीस हजार. आरटीओची फी आणि चार खेपा वेगळ्या. विमा कंपनीला मी पत्र लिहून नवा नंबर कळवला आणि पोच घेतली.

त्या वर्षी सीईटीचा अर्ज भरला नाही. घरखर्चाच्या वहीत मी इंजिनची रक्कम 'घराला उसने' म्हणून लिहिली. वाटलं, हे हसतील. पण ह्यांनी वही वाचली, आणि पुढच्या पगारापासून दर महिन्याला दीड हजार माझ्या डब्यात येऊ लागले. सांगावं लागलं नाही.

गाडी उत्तम चालते. पहिल्यांदा पुन्हा खंबाटकीला लागलो तेव्हा सासूबाई मागे न बसता हट्टाने पुढे बसल्या. त्यांना गाडीतलं काही कळत नाही, पण घाटभर रस्त्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "अगं, सुई बघ, सुई बघ," एवढंच चाललं होतं. माथा आला तेव्हा सुई निम्म्यावरच होती. तरीही आम्ही दहा मिनिटं थांबलो, आणि त्यांनी डब्यातल्या दशम्या काढल्या.