लाल गाडी कोणाची?

मुंबईची पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. तोवर रस्ता ट्रामचा होता. १८७४ पासून घोड्यांच्या, १९०७ पासून विजेच्या. १९३७ मध्ये डबलडेकर आली. १९४७ मध्ये या ट्राम-बस चालवणारी ‘बेस्ट’ कंपनी महापालिकेने घेतली आणि ती खऱ्या अर्थाने मुंबईकरांची झाली. १९६४ मध्ये ट्राम थांबली. २०२३ मध्ये डिझेलच्या डबलडेकरनेही निरोप घेतला. आता विजेच्या गाड्या आल्या, पण त्यांतल्या बहुतेक कंत्राटदारांच्या. गाडी कशावर चालते याइतकाच ती कोणाच्या मालकीची, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. हा अंक गाड्यांचा, तसाच चालक-वाहकांचा आणि आगारांतल्या कारागिरांचाही. जुनी तिकिटे, छायाचित्रे जपली असतील तर आमच्याकडे जरूर पाठवा.