बाळंतपणानंतरचे मुके दुखणे

खोकताना लघवी सुटते, खाली जड वाटते, नवऱ्याजवळ जाणे नकोसे होते. मुरबाड-शहापूरकडच्या कितीतरी बाया हे ‘बाळंतपणाचंच आहे’ म्हणून अंगावर काढतात. ते काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून तोलणारी स्नायूंची झोळी प्रसूतीत ताणली जाते, कधी फाटतेही. ती भरून येण्याआधीच बाई हंडे उचलते, आवणीला वाकते. शिवाय बाळ अंगावर पीत असेतो योनिमार्ग कोरडा राहतो, संबंध दुखतो. यात बाईच्या मनाचा काय दोष? सव्वा महिना झाला की सारे पूर्ववत, असे नवऱ्यांनी धरून चालू नये.

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांत केलेली पाहणी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के! ती सगळी दुखणी बाळंतपणाची नव्हती, पण मौन हेच.

बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आशाताई घरी येतात. बाळाच्या वजनाबरोबर हेही त्यांनी विचारावे, आणि सासूबाईंनी तेवढा वेळ बाहेर बसावे. लघवी रोखताना आवळतात ते स्नायू एरवी पाच सेकंद आवळून सोडावेत. दहा वेळा, दिवसातून तीनदा. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. अंग बाहेर येत असेल, तर मात्र व्यायामावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. रिंग बसवता येते, शस्त्रक्रियाही होते.