नोंद आणि गौरव



‘नोंद’ आणि ‘गौरव’ या शब्दांतील भेद पुसला गेला, म्हणजे विचारात किती गोंधळ माजतो, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील बेसबॉलच्या इतिहासात आढळते.

न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या लहानशा गावी १९३९ साली बेसबॉलचे संग्रहालय आणि ‘हॉल ऑफ फेम’ खुले झाले. क्रीडापत्रकारांच्या मतदानातून तेथे निवड होण्यासाठी ७५ टक्के मते मिळवावी लागतात. मतदानाच्या नियमांत कामगिरीबरोबरच सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य या निकषांचाही उल्लेख आहे.

पीट रोझ यांच्या नावावर ४,२५६ ‘हिट’ आहेत. हा विक्रम अद्याप कोणीही मोडलेला नाही. तथापि, सिनसिनाटी रेड्स संघाचे व्यवस्थापक असताना त्यांनी स्वतःच्याच संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्या. १९८९ साली त्यांच्यावर कायमची बंदी आली. पुढे १९९१ च्या नियमाने अशा व्यक्तींना हॉल ऑफ फेमचे दार बंद झाले. बेसबॉलवर पैजा लावल्याची कबुली त्यांनी २००४ साली दिली. २०२४ मध्ये ते निवर्तले आणि मे २०२५ मध्ये आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी ‘कायमची बंदी’ मृत्यूबरोबर संपते, असा निर्णय दिला. ‘कायम’ या शब्दाचा अर्थ ‘आजन्म’ इतकाच ठरला!

हा निर्णय मला तर्काला धरून वाटतो. मृत व्यक्तीपासून खेळाला धोका नसतो. परंतु शिक्षा संपली म्हणून गौरवाचा अधिकार आपोआप प्राप्त होत नाही.

रोझ यांना वगळणे म्हणजे इतिहास पुसणे, असे त्यांचे समर्थक म्हणतात. हे खरे नाही. त्यांचे विक्रम नोंदवहीत आहेत आणि त्यांच्या कारकिर्दीतील वस्तू त्याच संग्रहालयात आहेत. नोंद वस्तुस्थिती सांगते. गौरव हा समाजाने दिलेला निर्वाळा असतो.

आपला संघ जिंकेल, अशीच पैज रोझ लावत, हाही युक्तिवाद केला जातो. पण ज्या सामन्यावर पैसे लावले, तो जिंकण्यासाठी व्यवस्थापक थकलेल्या गोलंदाजालाही राबवू शकतो, आणि ज्यावर लावले नाहीत, त्याविषयी जुगाऱ्यांना नकळत संकेत मिळतो. सामना निखळ आहे, या विश्वासावरच प्रत्येक विक्रमाला अर्थ असतो. रोझ यांनी त्या विश्वासालाच धक्का दिला.

कृष्णवर्णीयांविरुद्ध खेळण्यास नकार देणारे कॅप ॲन्सन १९३९ पासून तेथे सन्मानित आहेत, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. त्यातून जुन्या निवडीची चूक सिद्ध होते. नव्या चुकीचे समर्थन होत नाही.

‘वादग्रस्त’ या एकाच विशेषणाखाली सर्वांना लोटणेही अन्यायाचे आहे. १९१९ च्या विश्वमालिकेतील कटाच्या आरोपातून शूलेस ज्यो जॅक्सन यांना ज्यूरीने १९२१ साली निर्दोष ठरवले, तरी बंदी आलीच. ७६२ होम रन काढणारे बॅरी बाँड्स उत्तेजक द्रव्यांच्या संशयामुळे २०२२ मध्ये ६६ टक्क्यांवर थांबले. प्रत्येकाचा पुरावा निराळा, म्हणून निवाडाही निराळा हवा.

रोझ यांची नोंद अबाधित राहावी. गौरव मात्र त्यांना देऊ नये, असे माझे मत आहे. आपले मत याहून भिन्न असू शकेल. ते मांडताना हे दोन शब्द तेवढे वेगळे ठेवा.