कोवळ्या कण्याला पट्ट्याचा आधार



आंब्याचे कलम लावले की शेजारी काठी रोवा, हे मी तुम्हाला वरचेवर सांगत असतो. कलम कोवळे असते तेव्हा वाऱ्याने एका अंगाला कलते. त्याच वेळी बांबूची काठी रोवून सुतळीने सैलसर बांधले, तर खोड सरळ वाढते. खोड जून झाल्यावर कितीही दोर लावून ओढा, उपयोग नाही. आज हीच गोष्ट मुलांच्या पाठीबद्दल सांगायची आहे. मी डॉक्टर नव्हे, शेतीचा पदवीधर. पण या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली. ती तुमच्या घरी होऊ नये म्हणून लिहितो.

माझ्या हद्दीतल्या एका गावी एका शेतकऱ्याच्या घरी माझे नेहमीचे जाणे-येणे. त्यांची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिची आई एकदा म्हणाली, "साहेब, पोरीच्या फ्रॉकची एक बाजू खाली लोंबते. शिंपी म्हणतो, माप बरोबर आहे." मी चहा पिता पिता सांगून मोकळा झालो, "ताई, पोक काढून बसत असेल. नीट बसायला सांगा." आईने वर्षभर 'नीट बस, नीट बस' म्हणून तिला टोकले. पोर बिचारी नीटच बसत होती. वर्षाने शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आले. जिल्ह्याच्या गावी एक्स-रे काढला. कणा ३४ अंशांनी वाकलेला निघाला.

हा विकार काय आहे?

आपला कणा मागून पाहिला तर सरळ रेषेत दिसतो. काही मुलांत तो एका बाजूला वळतो आणि वळताना पिळतोही. याला स्कोलिओसिस म्हणतात. एक्स-रेवर हा बाक १० अंश किंवा जास्त असला, तर हे नाव देतात. शंभरांतल्या दोन-तीन मुलांत तो आढळतो. बहुतेकांचा बाक लहानच राहतो, पण ज्यांचा वाढतो त्यांत मुली फार जास्त. दहा ते पंधरा या वयात उंची झपाट्याने वाढते, तेव्हाच बाकही वाढतो.

बहुतेक वेळा याचे नेमके कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने, डोक्यावर हंडा वाहिल्याने किंवा वाकडे बसल्याने तो होत नाही. कुणाचा दोष नाही, कसला शापही नाही. म्हणून मुलीला बोल लावू नका.

घरी कसे पाहाल?

मुलाला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून कमरेत पुढे वाकायला सांगा. हात खाली सोडलेले असावेत. मागे उभे राहून पाठ पाहा. एका बाजूची बरगडी उंचवटा धरून वर आलेली दिसली, तर डॉक्टरांना दाखवा. एक खांदा वर, एक खुबा पुढे, कपडा एकीकडे लोंबणे, याही खुणाच. मात्र रात्री झोपमोड करणारे दुखणे, ताप, पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवीवर ताबा न राहणे असे काही असेल, तर एक दिवसही थांबू नका. तो वेगळा आणि गंभीर आजार असू शकतो.

पट्टा काय करतो?

बाक साधारण २५ ते ४५ अंशांचा असेल आणि वाढ शिल्लक असेल, तर डॉक्टर पट्टा देतात. हा कमरेचा साधा पट्टा नव्हे. मुलाच्या अंगाच्या मापाने बनवलेला, काखेपासून खुब्यापर्यंतचा कडक प्लास्टिकचा असतो. आत ठरावीक जागी गाद्या असतात. त्या बाकाच्या फुगलेल्या बाजूने दाबतात, आणि समोरच्या बाजूला अंगाला सरकायला जागा सोडलेली असते. बाक ५० अंशांच्या घरात गेला, की मग शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

पट्ट्याने कणा रुळासारखा सरळ होतो, असे कुणी सांगितले तर मानू नका. बाक वाढू न देणे हे त्याचे काम. अमेरिका व कॅनडातल्या २५ रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पट्टा वापरणाऱ्या शंभरांतल्या ७२ मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. न वापरणाऱ्यांत ४८ जणांचा. जी मुले दिवसाला सरासरी तेरा तास किंवा जास्त पट्टा घालत, त्यांत हा आकडा नव्वदच्या वर गेला. म्हणजे पट्टा खुंटीला टांगून गुण येत नाही.

घरच्यांचे काम

आमच्या त्या घरी खरी अडचण इथेच आली. वडील म्हणाले, "लोक बघतील. उद्या लग्न जमायचं कसं? रात्रीपुरता घालू." डॉक्टरांनी अठरा तास सांगितले होते. मी गेलो आणि आधी माझी चूक कबूल केली. मग अंगणातले कलम दाखवून म्हणालो, "दादा, याची काठी दिवसा काढून ठेवता का?" ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलगी पट्टा घालून शाळेत गेली. आईने दोन सैल कुडते शिवले.

पट्ट्याखाली बिनशिवणीचा सुती बनियन घालावा आणि रोज धुवावा. आत तेल, पावडर लावू नये. पट्टा काढल्यावर अर्ध्या तासानेही लाली गेली नाही, तर कारागिराकडून गादी दुरुस्त करून घ्यावी. सुतळीने साल कापली तर आपण गाठ सैल करतो, काठी फेकत नाही. अंघोळीला आणि, डॉक्टर म्हणतील तर, खेळायला पट्टा काढता येतो. चार-सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नये, कारण उंची वाढली की पट्टा लहान होतो. हाडवैद्याकडून कणा ओढून, दाबून घेऊ नये.

१७४१ साली निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने मुलांच्या वाकड्या वाढीवर पुस्तक लिहिले. त्यात काठीला दोराने बांधलेल्या वाकड्या झाडाचे चित्र आहे. आजही अस्थिरोगतज्ज्ञांच्या कितीतरी संस्था तेच चित्र आपली खूण म्हणून वापरतात. आपल्या बागेतले शहाणपण त्यांनाही पटलेले दिसते.

ती मुलगी सोळाची झाली तेव्हा वाढ थांबली आणि डॉक्टरांनी पट्टा हळूहळू सोडवला. बाक ३२ अंशांवर आहे. सरळ झाला नाही, पण थांबला. माझ्या बेफिकिरीचे एक वर्ष वाचले असते तर कदाचित तो याहून कमी असता, हे मला आजही लागून राहिले आहे.

आज संध्याकाळी आपल्या मुलांना एकदा पुढे वाकायला सांगा. दोन मिनिटांचे काम आहे.

आपला,
विस्तार अधिकारी